तीन नंबरवरची टिकली

३० मार्च, रविवार, पाडवा

माझा पलंग हॉलमधून हलवला आणि मला कोणी विचारलं नाही. गुढीला नमस्कार करून आत वळले तर ललित आणि अमृता पलंगाचे पाय धरून चाललेले, जसं काही पलंगावर कोणी नव्हतंच कधी. ललित माझा मुलगा, मंडीत बाबू आहे, म्हणजे कारकून. म्हणतो, "आई, तुला मधल्या खोलीत हवा चांगली लागेल." मधल्या खोलीची खिडकी शेजारच्या पॉवरलूमकडे उघडते. तिथून हवा येत नाही, कापसाचं भुसकट येतं. नाकात बोळे घालून झोपायचं का मी?

आता राम राम. ही डायरी बियाण्याच्या दुकानातून फुकट आली, वर केळीच्या घडाचा फोटो. माझं नाव मनकर्णा. चौथीपर्यंत शाळा झाली. चुका निघतील, ज्याला काढायच्या त्यानं आधी स्वतःच्या काढाव्यात. रोज लिहिणार नाही. कोणी लिहिण्यासारखं काही केलं तरच. या घरात काहीतरी चाललंय, आणि उद्या कोणी म्हणायला नको की म्हातारीला पत्ता नव्हता.

पलंगाच्या जागी टेबल आलं. भलंमोठं, खाटिकाच्या ओट्यासारखं. त्यावर अमृता आगगाडी बसवणार आहे. खेळण्यातली. अमृता माझी नात, इंजिनियर झालेली. इंदूरला नोकरी होती, कंपनीनं माणसं कमी केली तेव्हा दिवाळीला घरी आली ती आलीच. आता म्हणते नोकरी नको, मी गाड्यांचे देखावे बनवून विकेन. घेणारा पण सापडलाय. असीरगढ रोडला लीलाधर शेठ नवं हॉटेल काढतोय, त्याला काचेच्या पेटीत किल्ला हवा आणि किल्ल्याभोवती फिरणारी गाडी. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो बघायला येणार.

ललितनं पोरीला माझ्यादेखत सांगितलं, "अखजीपर्यंत गाडी चालली तर तू कर हा धंदा, मी लग्नाचं नाव काढणार नाही. नाही चालली तर टेबल बाहेर, आणि रावेरच्या स्थळाला हो म्हणायचं. मंजूर?"

पोरगी म्हणाली, "मंजूर पप्पा."

एवढ्या पटकन मंजूर म्हणाली म्हणजे काहीतरी आहे. मला यात काळं दिसतं.

१ एप्रिल, मंगळवार

आज पोरीनं गाडीची भानगड समजावली. मी विचारलं नव्हतं. नुसती जवळ जाऊन उभी होते.

शेठला दोन इंजिनं हवीत एकाच रुळावर. एक आजकालचं निळं, विजेवरचं. एक जुनं काळं, धुराचं. आणि दोघांनी वेगवेगळं चालायचं. एक उभं राहिलं तरी दुसऱ्यानं जायचं. पूर्वी म्हणे रुळात करंट सोडला की रुळावर असेल ते सगळं पळायचं. आता तसं नाही. रुळात करंट कायम असतो, बाजूला एक डबा असतो आणि तो हाक मारतो. इंजिनाच्या पोटात चिप असते, तिला नंबर असतो. ज्याच्या नंबरानं हाक, तोच हलतो. बाकीचे ऐकतात पण जागेवर राहतात.

मी म्हटलं, "आपल्या घरात का नाही बसवत हे?"

पण सगळ्या डब्यांची बोली एक नसते. बऱ्याच कंपन्यांची बोली एकच ठरलेली आहे, कोणाचाही डबा कोणाच्याही इंजिनाला चालतो. काही कंपन्या मात्र आपल्या घरात आपलीच बोली बोलतात. त्यांचं इंजिन आणलं की डबा पण त्यांचाच घ्या. मला हे लगेच कळलं. माझ्या जैनाबादच्या मैत्रिणीची, मालूबाईची सून तेलंगणातली आहे. सासू चार शब्द बोलते, सून हसते आणि मीठ जास्त घालते.

अमृतानं मोबाईलवर डबे दाखवले. एक विलायती. एक स्वस्तातला, पण आपल्याच कंपनीची इंजिनं ओळखणारा. एक चांगला पण सहा महिन्यांनी येणारा.

"हे तीन आहेत आजी. यातला कोणता घेऊ?"

मी म्हटलं, "तीनातून काही निवडायचं नाही. तीन तिगाडा काम बिगाडा. चौथा शोध."

"आजी, प्लीज यार."

"या घरात तीन पोळ्या कोणाच्या ताटात वाढलेल्या बघितल्यास का कधी? तीन पोळ्या मेलेल्याला. जित्याला वाढायच्या असल्या तर चौथा तुकडा टाकावा लागतो. टेबल माझ्या पलंगाच्या जागी ठेवलंय ना, मग माझं ऐक. तीनाला हात लावायचा नाही. घे शपथ."

तिनं घेतली. डोळे फिरवून घेतली, पण घेतली.

५ एप्रिल, शनिवार

चौथा डबा मिळाला. भुसावळच्या कोण्या योगेशनं वापरायला दिलाय, चालला तर विकत घे म्हणे. फुकट वापरायला कोण देतं? मी पोरीला विचारलं तर म्हणाली, "योगेशदादा आहेत ते, ग्रुपवर ओळख झाली." हल्ली सुरुवात दादापासूनच करतात.

डबा साबणाच्या वडीएवढा. त्यावर आकड्यांची बटणं आणि एक गोल खुंटी. ठरलेल्या बोलीचाच आहे, पण एक उणीव आहे. महागडे डबे इंजिनाला विचारू शकतात की बाबा तुझा नंबर काय. हा फक्त सांगतो, विचारत नाही. आमचे हे असेच होते. चाळीस वर्षं संसार झाला, चालला की.

निळं इंजिन पुण्याहून आलेलं, पोटात काही नव्हतं. अमृतानं त्याला उघडून चिप बसवली, केसासारख्या तारा जोडल्या. नंबर दिला दहा. दहा दाबलं, खुंटी फिरवली, इंजिन चाललं. शारदा, म्हणजे माझी सून, कढईत झारा तसाच सोडून बघत उभी. भजी जळाली. सून एक शब्द बोलली नाही. ती बोलतच नाही. न बोलणाऱ्या माणसाच्या पोटात काय आहे ते देवाला माहीत.

मी सुनेच्या टिकल्यांच्या पाकिटातली एक लाल टिकली काढून डब्याच्या तीन नंबरच्या बटणावर चिकटवली. सील. कोणी दाबलं तर टिकली सरकेल आणि मला कळेल. रोज सकाळी बघणार.

९ एप्रिल, बुधवार

लीलाधर शेठ आला. बरोबर मावा जलेबी. गोड आणणाऱ्या गिऱ्हाईकापासून जपून राहावं. मला म्हणाला, "मांजी, आपकी पोती तो हीरा है." हिऱ्याची पारख जलेबीवाल्यानं कधीपासून करायला सुरुवात केली?

त्यानं काळं इंजिन दिलं. त्याचा भाचा जर्मनीला असतो, त्यानं आणलं. खोक्यात मखमल, पार नवरीच्या दागिन्यासारखं. शिट्टी वाजते, धूर निघाल्याचा आवाज येतो म्हणे. शेठ म्हणाला, "बेटा, इसके अंदर का कुछ चेंज मत करना, भांजा गुस्सा करेगा. नंबर इसपे लिखाच है." इंजिनाच्या अंगावर सोनेरी अक्षरात बावन्न लिहिलंय.

शेठ गेल्यावर अमृतानं रुळावर ठेवलं. बावन्न दाबलं. खुंटी फिरवली. काही नाही. इंजिन मेल्यासारखं बसलेलं. दहा दाबलं तर निळं पळालं, काळ्याच्या पाठीला जाऊन टेकलं. काळं हललं नाही.

दिवसभर बावन्न, बावन्न चाललं होतं. संध्याकाळी पोरगी जेवली नाही. टिकली जागेवर आहे.

११ एप्रिल, शुक्रवार

अमृता अंघोळीला गेली होती. तिचा फोन वाजत होता, शारदा नुसती बघत होती, म्हणून मी उचलला.

"हॅलो, अमृता?"

"मी तिची आजी. काय काम आहे?"

"नमस्कार आजी, मी योगेश, भुसावळहून. तिला एक सांगाल? काळं इंजिन नवं कोरं असेल तर बावन्नला ओ देणारच नाही. अंगावर काहीही लिहिलेलं असो, कारखान्यातून सगळी इंजिनं तीन नंबरवरच येतात. तीनवर हाक मारून बघ म्हणा."

"सगळ्यांना तीनच?"

"हो आजी. मग ज्यानं त्यानं घरी आणून बदलायचा."

बघा. सगळ्या जगात आकडे पडलेत आणि याला तीनच सापडला. मला त्याच क्षणी कळलं की माणूस बरोबर नाही.

"केलं तिनं तीनवर," मी म्हटलं. "नाही चाललं."

"नक्की?"

"माझ्यासमोर केलं."

तो म्हणाला, "असं असेल तर त्याची बोलीच वेगळी आहे. पंचाईत आहे मग."

खोटं बोलले नाही तसं. जे करायचंच नाही ते करून झाल्यातच जमा. मी पुढे विचारलं, "लगीन झालंय का तुमचं?"

"झालंय ना आजी. बायको शेजारीच बसलीये, देऊ?"

दिली. बाई बोलली, आवाज चांगला होता, तुमच्याकडे केळी काय भावानं विचारत होती. पण बाई कोणाचीही असू शकते.

अमृता डोकं पुसत आली. "कोणाचा फोन?"

"राँग नंबर."

१३ एप्रिल, रविवार

रावेरची माणसं पोरगी बघून गेली. स्थळ मालूबाईनं आणलंय. मुलगा मोहित, आई चारुलताबाई. केळीचा मोठा बाग, दारात दोन गाड्या. टेबलावर चादर टाकून ठेवली होती. चारुलताबाईनं विचारलं, खाली काय आहे, तर ललित म्हणाला, "पापड घातलेत वाळत." पापडाला वायर कशाला लागते ते तिनं विचारलं नाही. पोरानं मात्र चादरीचं टोक उचलून बघितलं आणि हळूच परत सोडलं. पोराला पापडात रस दिसला.

मी पोराला विचारलं, "चहात साखर किती?"

चारुलताबाई म्हणाली, "त्याला कमीच लागते."

"शिकलास किती रे?"

"बीकॉम झालाय," चारुलताबाई.

"बागेत स्वतः जातोस की माणसं आहेत?"

"माणसं आहेत. त्याला ऊन सोसत नाही," चारुलताबाई.

मी म्हटलं, याची जीभ पण तुमच्याकडेच ठेवलेली दिसते. मनात म्हटलं, पण चेहऱ्यावर आलं असावं, कारण शारदानं माझ्यापुढे पोह्यांची बशी सरकवली. मोठ्यानं म्हणायलाच हवं होतं.

मग चारुलताबाई अमृताला म्हणाली, "तुझं हे मशीनचं काम लग्नानंतर सोडशील ना गं?"

ललित म्हणाला, "सोडेल की."

शारदा मान हलवत राहिली, हो का नाही ते कळलं नाही.

मी म्हटलं, "आमच्याकडच्या पोरी ऐकणाऱ्या आहेत."

अमृता ट्रे धरून उभी होती. ती काय म्हणाली ते आठवत नाही. बहुतेक काही म्हणाली नाही.

माणसं गेल्यावर मला ती आवडली नाहीत. ज्या घरात पोरानं तोंड उघडायचं नाही, त्या घरात सुनेनं श्वास तरी घ्यायचा का? ललितला तसं सांगितलं. तो म्हणाला, "आई, बाग बघितलास का त्यांचा?"

१८ एप्रिल, शुक्रवार

चोर सापडला. दुपारी सगळे झोपतात तेव्हा मी पाणी प्यायला उठले. हॉलमध्ये शारदा. टेबलावर वाकलेली, हातात फडकं, पदराखाली बाटली लपवलेली. मला बघून बाटली आणखी आत गेली. दवाखान्यासारखा वास येत होता.

"काय करतेस?"

"काही नाही आई. माशी बसली होती."

माशीला स्पिरिट कोण पाजतं? मी नंतर रूळ बोटानं चाचपले. पॉवरलूमचं भुसकट रोज साय धरल्यासारखं बसतं त्यावर, आज एक कण नव्हता. पार पुसून काढलेले. म्हणजे काहीतरी लावून गेली. तिला वाटत असणार गाडी बिघडली की टेबल जाईल, पोरगी उजवली जाईल, हॉल मोकळा होईल. आईच पोरीच्या वाटेत. कलियुग म्हणतात ते हेच.

गंमत म्हणजे निळं इंजिन संध्याकाळी नेहमीपेक्षा सुरळीत चाललं, एकदाही अडकलं नाही. तिचं औषध उलटं पडलं असावं. काळं तसंच मेलेलं.

टिकली थोडी तिरकी वाटली. शारदानं तिथेही फडकं फिरवलेलं दिसतं. नवी लावली.

२४ एप्रिल, गुरुवार

अमृता आणि योगेशचं आज तासभर बोलणं झालं. मी दाराआड भेंडी चिरत होते. पोरीनं फोन मोठ्या आवाजात ठेवला होता.

योगेश सांगत होता, इंजिनाची बोली वेगळी धरली तर त्याच कंपनीचा डबा लागेल. पण एका रुळावर दोन डबे लावायचे नाहीत, एक दुसऱ्याला जाळेल. म्हणजे निळ्याला पण नवा डबा, नवी चिप. सगळं पहिल्यापासून. "अखजीच्या आत होणार नाही," म्हणाला. "शेठला सांग काळं विसरा."

अमृतानं शेठला फोन लावला. शेठ म्हणाला, "बेटा, वही तो चाहिए था मुझे. निळं तो रोज टेसन पे फुकट दिखता है."

पोरीनं फोन ठेवला, किल्ल्याचा डोंगर झाकला. डोंगर चांगला केलाय तिनं, खाली बोगदा, वर मशिदीचे मिनार काडीचे, देऊळ पण आहे. मग ती मला म्हणाली, "आजी, रावेरला ऊन फार असतं का गं?"

मी म्हटलं, "आपल्याएवढंच."

ती हसली. रडली असती तर मी दोन शब्द सुनावले असते. हसली, त्यामुळे काही सुचलं नाही.

२७ एप्रिल, रविवार

आज जे झालं ते झालं तसं लिहिते.

अमृता अखजीचं सामान आणायला शारदाबरोबर गेली होती. ललित मंडीत, रविवारी पण त्याला काम असतं, खरं किती ते तोच जाणे. माझ्या डोक्यात तीन दिवस एकच. उद्या पोरगी रावेरला गेली आणि तो योगेश कधी बोलता बोलता म्हणाला की मी आजीला सांगितलं होतं, तर नाव कोणाचं येईल? म्हणून मी ठरवलं, एकदा तीन दाबून बघायचं. चालणार नाहीच. मग तो खोटा पडेल आणि माझा मी मोकळी. शपथ अमृतानं घेतलीये, मी कुठं घेतलीये?

पण तीनाला नुसता हात कसा लावायचा? पूजेतली एक सुपारी आणली. काळ्या इंजिनामागे कोळशाचा छोटा डबा जोडलाय, त्यात ठेवली. तीनावर एक, चार झाले. दोष गेला.

भिंतीवरचं बटण दाबलं. डब्याला हिरवा दिवा लागला. टिकली काढून माझ्या कपाळाला लावली, टाकायची कुठं? तीन दाबलं. खुंटी फिरवली.

काळ्याच्या कपाळाला दिवा लागला. मग भस्सकन वाफ सोडल्याचा आवाज आणि शिट्टी. अशी शिट्टी की शेजारचा लूमवाला खिडकीशी आला. इंजिन सुपारी घेऊन निघालं, बोगद्यात गेलं, दुसरीकडून निघालं, आणि माझ्यासमोरून परत गेलं. मला थांबवता येईना. खुंटी कोणत्या बाजूला फिरवायची ते विसरले. भिंतीचं बटणच बंद केलं तेव्हा थांबलं.

पाणी प्यायले. टिकली कपाळावरून काढून परत जागेवर लावली.

पोरगी आली तेव्हा म्हटलं, "तुझं काळं मघाशी ओरडलं."

"काय?"

"आपोआप. उन्हानं असेल."

ती टेबलाशी गेली. इंजिन बोगद्याच्या तोंडाशी होतं, सकाळी ठेवलं तिथे नव्हतं. तिनं कोळशाच्या डब्यात बघितलं. "आजी, ही सुपारी कोणी ठेवली?"

"मला काय विचारते. तुझ्या आईला विचार, ती सारखी टेबलाशी असते."

शारदानं माझ्याकडे बघितलं, मग पोरीकडे. "असेल मीच ठेवली," म्हणाली. ही कशाला कबूल झाली? हिनं नक्की आणखी काहीतरी केलंय.

अमृता टिकलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आजी, शपथ मोडू का एकदा?"

"सुपारी आहे ना जागेवर? मग मोड."

तिनं तीन दाबलं.

२८ एप्रिल, सोमवार

सकाळी पोरीनं योगेशला कळवलं. मी भेंडीची जागा सोडली नव्हती. तो म्हणाला, "पण तीनवर करून झालं होतं ना? मी आजींना विचारलं होतं तेव्हा."

मी चाकू खाली ठेवला.

अमृता म्हणाली, "तेव्हा रुळांवर भुसकट होतं दादा. म्हणून बोललं नसेल."

म्हणजे पोरीनंच कारण शोधून काढलं आणि ते पटण्यासारखं आहे. भुसकट तर असतंच. मी पण आता तेच म्हणते.

दुपारी तिनं पलंग परत हॉलमध्ये आणला, टेबलाच्या कडेला. उशी नीट लावली. जेवताना माझ्या वाटीत रस दोनदा ओतला, मी नको म्हणत असताना. एवढी गोड का वागते? माझ्याकडून काहीतरी काढून घ्यायचं असेल. लक्ष ठेवलं पाहिजे.

३० एप्रिल, बुधवार, अखजी

सकाळी पितरांची घागर भरली, वर खरबूज ठेवलं, यांच्या नावानं रस आणि मांडा काढला. ते जिवंत असते तर म्हणाले असते, हॉलमध्ये स्टेशन कोणी काढलं.

शेठ आला, परत जलेबी घेऊन. अमृतानं दहानं निळं चालवलं, मग ते बाजूच्या रुळावर उभं केलं आणि तीननं काळं सोडलं. निळं ऐकत राहिलं, हललं नाही. काळं शिट्टी मारत किल्ल्याला वळसा घालून आलं. शेठनं हात जोडले, मला की इंजिनाला ते कळलं नाही. सुपारी कोळशात आहे. ती काढायची नाही असं मी शेठला बजावलं. तो म्हणाला, "शुभ है मांजी, रहने दो."

मग त्यानं पिशवीतून आणखी एक काढलं. लाल इंजिन, भाच्यानं कालच पाठवलेलं. अमृता त्याच्यासाठी रस आणायला आत गेली. आता ललितला बुद्धी सुचली. पोरीचं काम दाखवायला बाप पुढे. लाल रुळावर ठेवलं, काळ्याच्या मागे, आणि तीन दाबलं.

दोघं धावली. काळं पुढे, लाल मागे, आणि लाल जास्त चपळ. बोगद्यात गेली ती बाहेर आली गुंतलेली. काळं उलटं पडलं, एक मिनार तुटला, सुपारी गडगडत माझ्या पलंगाखाली. ललित डब्याला ओरडतोय, "रुको, रुको." शेठ भाच्याच्या नावानं.

अमृता पळत आली, करंट बंद केला. काळं उचललं, चाकं बघितली, काही झालं नव्हतं. लाल वेगळ्या रुळाच्या तुकड्यावर ठेवलं आणि त्याला चार नंबर दिला. नंबर देणं या डब्याला जमतं, विचारणंच जमत नाही. शेठला म्हणाली, "नया है ना अंकल, ये भी तीन पे आया था. एकाच नावानं दोघांना ठेवलं की हाक एकाला मारा, धावतात दोघं. मग अशीच टक्कर होते."

मग तीनला तीन गेलं आणि चारला चार. शेठनं डब्यासकट सगळं पसंत केलं. म्हणाला, पुढच्या हप्त्यात हॉटेलवर बसवून दे, आणि खंडव्याच्या त्याच्या मेहुण्याला पण एक हवंय.

तो गेला आणि मालूबाईचा फोन आला. मोठ्या आवाजावर ठेवला होता, सगळ्यांनी ऐकलं. "चारुलताबाई उद्या सकाळी फोन करतील. त्यांची पसंती आहे. पोरीचं काय म्हणणं आहे?"

"हो आहे," ललित म्हणाला.

"सांगू की," शारदा त्याच वेळी म्हणाली.

मी पण तोंड उघडलं होतं. काय बोलणार होते देव जाणे, पण उघडलं होतं. तेवढ्यात लक्ष गेलं. विचारलं एकीला आणि धावले आम्ही सगळे. अमृता तुटलेला मिनार हातात धरून उभी, तेरा तारखेला ट्रे धरून होती अगदी तशी.

फोन झाल्यावर मी ललितला म्हटलं, "तू शब्द दिला होतास. गाडी चालली."

"चालली ना, मी कुठं नाही म्हणतो? पण असं स्थळ पुन्हा येतं का? काम काय, तिकडे गेल्यावर सुटेल हळूहळू."

शारदा भांडी उचलता उचलता म्हणाली, "तिला विचारलंय का कोणी." हळू म्हणाली, पण मी ऐकलं. या बाईला आवाज आहे तर. आणि तिच्या हाताला स्पिरिटचा वास होता, आजच्या दिवशी पण. रूळ लखलखत होते. आता मला शंका येते की ती बिघडवत नव्हती. पण मग लपवत कशाला होती? माझ्यापासून लपवण्यासारखं त्यात काय आहे?

पोरगी उद्या काय म्हणेल ते मला माहीत नाही. हो म्हणाली तर तिची मर्जी, त्या मोहितला निदान पापड आवडतात. नाही म्हणाली तर चारुलताबाई मालूबाईला बोलेल आणि मालूबाई मला, ते मी बघून घेईन, मालूबाईला मी लहानपणापासून ओळखते. पण हे मी सगळ्यांना जेवताना सांगितलंय आणि इथे पण लिहून ठेवते, म्हणजे कोणी नाही म्हणायला नको. उद्या रावेरचा फोन वाजला की ललितनं उचलायचा नाही. शारदानं नाही. मी तर नाहीच. अमृताचं नाव घेऊन विचारतील, अमृतानंच ओ द्यायची. बाकीच्यांनी ऐकायचं आणि आपापल्या जागेवर उभं राहायचं.